गंडमचा ताळेबंद

समीक्षक मंडळी एखादी कलाकृती पाहायला बसली की आधी तिचा आशय शोधतात. मी बँकेतला कारकून. मी आधी पैसे कोणी घातले ते शोधतो. हा रोग बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला जडला आणि नोकरी लागल्यावर हाडात मुरला. लग्नाच्या मांडवात सगळे नवरीचा शालू बघत असतात, तेव्हा मी केटररला अॅडव्हान्स किती गेला असेल याचा अंदाज बांधत असतो. ताजमहालापुढे उभी राहून बायको शहाजहानच्या प्रेमाबद्दल हळवं होऊन बोलत होती. मी फक्त एवढंच विचारलं, "पण एवढ्या रकमेला सँक्शन कोणी दिलं असेल?" आग्रा ते मथुरा ती खिडकीबाहेर बघत होती. मथुरेला पेढे घेतले तेव्हा बोलली.

त्यामुळे माझ्या दहावीतल्या भाच्यानं "मामा, तू हे बघच" म्हणून 'मोबाइल सूट गंडम' नावाची जपानी अॅनिमे मालिका माझ्या पुढ्यात टाकली, तेव्हाही माझा पहिला प्रश्न ठरलेला होता. "पैसे कोणाचे?"

"खेळण्यांच्या कंपनीचे," भाचा म्हणाला.

मी खुर्ची पुढे ओढली. खेळणी विकण्यासाठी युद्धाची गोष्ट सांगायची, म्हणजे जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना चमत्कारिक नोंदी असणार. रोज एक-दोन भाग असं करत सगळे ४३ भाग मी पाहिले. आता त्याचा हिशेब मांडतो.

आधी केवायसी. ही मालिका जपानात ७ एप्रिल १९७९ रोजी नागोया टीव्हीवरून सुरू झाली. वार शनिवार, वेळ संध्याकाळी साडेपाच. निर्मिती निप्पॉन सनराइज या संस्थेची. माणसांची चित्रं योशिकाझु यासुहिको यांची, यंत्रांची कुनिओ ओकावारा यांची आणि दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. मुख्य प्रायोजक क्लोव्हर नावाची खेळण्यांची कंपनी. मोबाइल सूट म्हणजे खिशात मोबाइल ठेवलेला कोट नव्हे. तो माणसानं आत बसून चालवायचा रोबो. यातला गंडम उंचीला १८ मीटर, म्हणजे सहा मजली सोसायटीएवढा, आणि वजनाला रिकामा ४३.४ टन. आमच्या शेजारच्या काउंटरवर हे नाव उच्चारल्यावर प्रश्न आला, "कोणी कोणाला गंडवलं?" प्रश्न अगदी योग्य होता. त्याचं उत्तर पुढे येतंच.

जपानात १९७२ च्या 'माझिंगर झेड'पासून या धंद्याचं गणित बसलेलं होतं. दर आठवड्याला बाहेरून एक राक्षसी यंत्र येणार आणि अर्धं शहर पाडणार. मग एक शूर मुलगा आपल्या रोबोत बसणार, हत्याराचं नाव ठणकावून सांगणार आणि ते हत्यार चालवणार. राक्षस खलास. दुसऱ्या दिवशी पोरं दुकानात. पुढच्या आठवड्यात पाडायला शहर पुन्हा उभंच! त्या शहराच्या नगरपालिकेचं बांधकाम खातं कोण चालवत होतं हे मला कळायला हवं. आमच्या गल्लीतला खड्डा त्यांच्याकडे सोपवावा म्हणतो.

तोमिनोंनी हे गणित वरवर तसंच ठेवलं. रोबो दिला. त्याच्या अंगावर पांढरा, निळा, लाल, पिवळा असे दुकानात दुरून डोळ्यांत भरणारे रंग दिले. पोरांना ताल धरायला लावणारं, रोबोला लढायला उठवणारं शीर्षकगीत दिलं. म्हणजे प्रायोजकाच्या ऑर्डरप्रमाणे माल पाठवला. फक्त खोक्याच्या आत भलतंच भरलं. तोमिनोंचा जन्म १९४१ चा. जपान शरण गेला तेव्हा ते चार वर्षांचेही नव्हते. ज्या देशाची शहरं खरोखर राख झाली होती आणि पुढच्या शनिवारी आपोआप उभी राहिली नव्हती, त्या देशातला हा माणूस. त्यानं खेळण्यांच्या जाहिरातीत युद्ध घातलं, आणि तेही खर्चासकट.

गोष्ट अशी आहे. पृथ्वीवर माणसं मावेनाशी झाल्यावर अवकाशात प्रचंड नळकांडी बांधून त्यांच्या आत वसाहती केल्या आहेत. ही कल्पना प्रिन्स्टनचे प्राध्यापक जेरार्ड ओनील यांनी त्याच दशकात गंभीरपणे मांडली होती. तर या वसाहतींपैकी सर्वांत लांबची वसाहत स्वतःला झिऑनचं राज्य म्हणवून घेते आणि पृथ्वीच्या संघराज्याविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारते. पहिल्या महिनाभरातच दोन्हीकडची मिळून निम्मी माणसं मरतात. निम्मी! निवेदक हा आकडा अशा आवाजात सांगतो की जणू डोंबिवली फास्ट आज पाच नंबरवर येते आहे. मी रिमोटचं बटण दाबून ते वाक्य दुसऱ्यांदा ऐकलं. आमच्याकडे पन्नास रुपयांचा फरक आला तर रात्री आठपर्यंत कोणी घरी जात नाही.

नायक आमुरो रे. वय १५. यंत्रं खोलायचा नाद, जेवणाची शुद्ध नाही, शेजारची फ्राउ बो ही मुलगी ओरडून कपडे घालायला सांगते तेव्हा घालतो. थोडक्यात, नायक म्हणण्यासारखं त्याच्यात काही नाही. त्याच्या वसाहतीवर हल्ला होतो. फ्राउची आई आणि आजोबा तिच्या डोळ्यांदेखत जातात. आमुरोचा बाप गंडम बनवणारा इंजिनिअर. तो त्या धावपळीत निर्वासितांच्या आधी यंत्र जहाजावर चढवा म्हणून हुकूम सोडत असतो. पोरगा तिथे पोचतो आणि बापाला विचारतो, की माणसांपेक्षा यंत्र मोठं आहे का?

वाचकहो, पहिल्याच भागातला हा प्रश्न कुठेतरी लिहून ठेवा. खेळण्यांच्या कंपनीच्या पैशानं चाललेल्या मालिकेत, खेळणं पहिल्यांदा उठून उभं राहण्याच्या आत विचारलेला हा प्रश्न आहे. नाव सार्थ झालं ते इथे. गंडा घातला तो दिग्दर्शकानं, प्रायोजकाला.

मग आमुरो गंडममध्ये शिरतो आणि काय करतो? आरोळी नाही, प्रतिज्ञा नाही. तो मॅन्युअल वाचतो! समोर शत्रूचा हिरवा झाकू उभा आणि हा पानं उलटतोय. सरकारी परिपत्रक हातात धरून गिऱ्हाईकासमोर उभ्या राहिलेल्या कोणत्याही माणसाला हे दृश्य पाहून भरून येईल. तो पहिला झाकू कापतो, त्याचा स्फोट होतो, वसाहतीच्या भिंतीला भगदाड पडतं आणि त्या भगदाडातून त्याचा स्वतःचाच बाप अवकाशात फेकला जातो. पहिला विजय आणि त्याची किंमत, दोन्ही एकाच व्हाउचरवर.

यापुढे मालिका जी रंगते ती लढायांत नाही, एस्टॅब्लिशमेंट सेक्शनमध्ये. व्हाइट बेस या युद्धनौकेवरचे बहुतेक अनुभवी अधिकारी मेलेले किंवा जखमी. उरलेल्यांत ब्राइट नोआ नावाचा १९ वर्षांचा शिकाऊ पोरगा. त्याला कॅप्टन करतात. आमच्याकडे याला ऑफिशिएटिंग म्हणतात. साहेबांची खुर्ची, साहेबांची जबाबदारी, साहेबांच्या शिव्या, पगार मात्र आपला. ब्राइटच्या कपाळावरच्या आठ्या पाहून मला आमच्या शाखेतले तीन चेहरे आठवले. बाकी खलाशी म्हणजे निर्वासितांतून उचललेली पोरं. कायम नेमणूक कोणाचीच नाही. सगळा स्टाफ सस्पेन्स खात्यात.

आणि या जहाजाला सामान लागतं! हे मी आजवर कुठल्याही युद्धकथेत इतकं पाहिलं नव्हतं. सोळाव्या भागात स्वयंपाकी येऊन सांगतो की मीठ संपत आलंय. मीठ! विश्वाचं भवितव्य टांगलेलं आहे आणि कॅप्टन मिठाच्या चिंतेत. माझी बायको तोवर लांबूनच ऐकत होती. ती भाजीची परडी घेऊन सोफ्यावर येऊन बसली. "हे बाई खरं वाटतं," म्हणाली. रसद घेऊन येणारी लेफ्टनंट माटिल्डा ही या पोरांना सगळ्यांत जवळची वाटणारी अधिकारी आहे. आमुरो तर तिच्यावर लट्टूच. सेनापतीवर नव्हे, स्टोअर्सच्या बाईंवर पोरांचा जीव! चोविसाव्या भागात माटिल्डा मरते तेव्हा भाजी निवडायची थांबली.

शत्रूकडेही तेच. राम्बा राल हा झिऑनचा पोटभरू जुना शिपाईगडी. वाळवंटातल्या एका खाणावळीत तो आणि त्याची हामोन यांची उपाशी, पळून आलेल्या आमुरोशी गाठ पडते. हामोन त्याला जेवण देऊ करते. आपण भिकारी नाही म्हणून पोरगा नाकारतो आणि रालला तो आवडून जातो. पुढे दोघं लढतात ते एकमेकांची ओळख असताना. हा राल शूर आहे, अनुभवी आहे, पण मरतो कशानं? त्याला कबूल केलेली नवी यंत्रं त्याच्याच बाजूचा एक वरिष्ठ अधिकारी, मकुबे, पोचूच देत नाही. मागणीपत्र दाबून ठेवतो. कारण रालचे वरचे साहेब वेगळे, मकुबेच्या बाईसाहेब वेगळ्या. राल मग यंत्राविना, माणसं घेऊन जहाजावर चढतो आणि संपतो. युद्धात माणसं गोळीनं मरतात असं आपण समजतो. पुष्कळशी अडकवून ठेवलेल्या फायलीनं मरतात. चिनी मातीच्या भांड्यांचा शौकीन असलेला तो मकुबे स्वतः मरतो तेव्हा त्याची अखेरची काळजी काय, तर आपली ती सुरई तेवढी बाईसाहेबांना पोचवा. स्टॉक रजिस्टर शेवटपर्यंत चोख!

आणि हेड ऑफिस? संघराज्याचं मुख्यालय जाबुरो इथे, अॅमेझॉनच्या जंगलाखाली, खोल जमिनीत, सुरक्षित. पोरं अर्धी पृथ्वी लढत-मरत तिथे पोचतात. त्यांना वाटतं आता कोणी पाठीवर हात ठेवील. हेड ऑफिस त्यांना हुद्दे देतं आणि पुन्हा अवकाशात पाठवतं. कशाला? तर शत्रूचं लक्ष वेधून घेणारं आमिष म्हणून. मला नवल वाटलं नाही. लांबच्या शाखेनं टार्गेट पुरं केलं की बक्षीस म्हणून पुढच्या तिमाहीचं टार्गेट वाढतं, हा विश्वाचा नियम दिसतो.

पण हसता हसता गप्प व्हावं असा भाग तेरावा. आमुरो पृथ्वीवर आपल्या आईला भेटतो. ती निर्वासितांच्या छावणीत काम करतेय. झिऑनचे शिपाई येतात. आमुरो पांघरुणाखालून पिस्तूल झाडतो. आईला धक्का बसतो तो शिपाई आल्याचा नव्हे, आपल्या लेकानं माणसावर गोळी झाडली याचा. तो म्हणतो हे युद्ध आहे. ती म्हणते तू असा नव्हतास. शेवटी निघताना तो आईच्या पाया पडत नाही, तिला मिठी मारत नाही. सॅल्यूट करतो. आणि जातो.

माझा भाचा तेव्हा चक्कीची पुडी फोडत बसला होता. तोही १५ वर्षांचाच. त्याला दूध आणायला पाठवलं तर रस्ता ओलांडताना त्याची आई गॅलरीत उभी राहते. त्या सॅल्यूटनंतर मी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं असावं. "काय झालं मामा?" म्हणाला. मी म्हटलं, चक्की दे.

आता ऑडिट रिमार्क्स. कारण समीक्षेत नुसतं जमाच दाखवलं तर लोकांना संशय येतो.

पहिला शेरा शार अॅझ्नाबल या माणसावर. हा झिऑनचा मुखवटेवाला, लाल झाकूत बसणारा, साधारणाच्या तिप्पट वेगाचा म्हणून गाजलेला वीर. ज्या झाबी घराण्यानं आपल्या बापाचा घात केला असं तो मानतो, त्याच घराण्याच्या चाकरीत राहून तो सूड उगवतोय. मित्र म्हणवणाऱ्या गार्मा झाबीला तो सापळ्यात पाठवतो. दगलबाज माणूस, पण काढलाय इतका देखणा, बोलतो इतका झोकात, की त्याच्या पापाची नोंद वाचायला कोणी थांबतच नाही. भाच्याच्या टी-शर्टवर आमुरो नाही, शार आहे.

दुसरा शेरा त्याहून गंभीर. गार्माच्या अंत्यविधीला त्याचा भाऊ गिरेन भाषण करतो. लाखोंचा समुदाय, उंचावलेले हात, एकच घोषणा. मालिका त्याची बाजू घेत नाही. उलट त्याचा बापच त्याला पुढे हिटलरची आठवण करून देतो. शेवटी तर घरात अशी भाऊबंदकी माजते, की गिरेन बापाला उडवतो आणि बहीण गिरेनला. एवढं सगळं स्पष्ट सांगूनही ते भाषण ऐकताना मान नकळत डोलायला लागते. तोमिनोंना हुकूमशहा कसा भुरळ घालतो ते दाखवायचं होतं आणि ते त्यांनी फारच चांगलं दाखवलं. विषाच्या बाटलीवर कवटीचं चित्र काढावं आणि ते इतकं सुबक साधावं की लोकांनी फ्रेम करून घ्यावं, तसं झालं.

तिसरा शेरा लाला सून हिच्याबद्दल. सावळी, मोठ्या डोळ्यांची, कपाळावर टिकली. ती मूळची हिंदुस्थानातली असं चाहते मानतात आणि मीही मानायला तयार आहे. ती आणि आमुरो हे न्यूटाइप, म्हणजे दुसऱ्याचं मन दुरूनच उमगणारे नवे मानव. चौतिसाव्या भागात पावसात भेट, एकेचाळिसाव्यात मृत्यू, आणि तोही आमुरोच्याच हातून. सगळं फार घाईत उरकलंय. मुदत पुरी व्हायच्या आत मोडलेल्या ठेवीसारखं वाटतं. यासुहिको आजारी पडल्यानं अखेरच्या भागांतली चित्रंही खाली आली. तरीही त्या घाईत एक गोष्ट मनात राहतेच. आपण म्हणतो, माणसांनी एकमेकांना समजून घेतलं की युद्धं थांबतील. इथे दोघं एकमेकांना आरपार समजतात, आणि तरीही युद्ध थांबत नाही. कारण त्यांना समजलं असलं तरी वरून आलेली ऑर्डर रद्द झालेली नसते.

या घाईचं कारण मात्र हिशेबातच आहे. मालिका ५२ भागांची ठरली होती. प्रेक्षक कमी, खेळण्यांचा खप कमी. क्लोव्हरला दिसलं की आपण पोरांसाठी पैसे टाकले आणि हा माणूस पोरांना आईचं रडणं दाखवतोय. ४३ भागांवर कात्री लागली. शेवटचा भाग लागला २६ जानेवारी १९८० रोजी, म्हणजे इकडे आपल्या प्रजासत्ताक दिनी. प्रकल्प बुडीत खाती गेला.

आणि मग ते खातं जिवंत झालं. पुनःप्रक्षेपणात मोठ्या वयाची पोरं ती पाहू लागली. जुलै १९८० मध्ये बांदाई कंपनीनं गंडमचं जोडून तयार करायचं प्लॅस्टिकचं मॉडेल काढलं. किंमत ३०० येन. दुकानांपुढे रांगा लागल्या. २२ फेब्रुवारी १९८१ रोजी टोकियोत शिंजुकू इथे पहिल्या चित्रपटाच्या निमित्तानं हजारो तरुण जमले. १९८१-८२ मध्ये तीन चित्रपट आले. नुसता गंडमच नव्हे, शत्रूचा झाकूही धडाक्यानं खपला. मूळ प्रायोजक क्लोव्हर? ती कंपनी १९८३ मध्ये दिवाळ्यात गेली. ज्यानं बी पेरलं त्याच्या नशिबी फक्त पावती. बी. कॉम.ला आम्हाला असं उदाहरण दिलं असतं तर मी शेवटच्या बाकावर झोपलो नसतो.

आता ताळेबंद जुळवतो. पहिल्या भागातला प्रश्न तुम्ही लिहून ठेवला आहेच. माणसांपेक्षा यंत्र मोठं आहे का? त्याचं उत्तर शेवटच्या भागात आहे. गंडमचं डोकं गेलंय, एक हात गेलाय, आणि आमुरो त्याला मोडक्या अवस्थेत मागे सोडतो. यंत्राच्या पोटात कोअर फायटर नावाचं एक छोटं विमान असतं. आमच्याकडे जसं कोअर बँकिंग, तसं त्यांच्याकडे कोअर फायटर. फरक इतकाच की त्यांचं ऐन वेळी चालू असतं. त्यात बसून तो बाहेर येतो. व्हाइट बेसही नष्ट झालीय. पण तिच्यावरची पोरं एका छोट्या बोटीत जमली आहेत, त्याची वाट पाहतायत, आणि आपल्याला परतायला जागा आहे हे त्याला कळतं. बस. शत्रूचा पाडाव झाला म्हणून जल्लोष नाही. यंत्र राइट ऑफ, मुलगा शिल्लक. खेळणं विकायला काढलेल्या मालिकेनं अखेरीस खेळणं भंगारात काढलं आणि पोराला घरी आणलं. माझ्या मते या मालिकेचं मोठेपण या एका नोंदीत आहे. ती नोंद खरी ठरावी म्हणून आधीचे ४२ भाग मीठ, रसद, आई, माटिल्डा यांचा पै-पैचा हिशेब ठेवला गेला.

ही नोंद पुढे बाजारानं उलटी फिरवली. मालिकेमागून मालिका निघाल्या, युद्धामागून युद्धं निघाली. युद्ध संपावं असं ज्या गोष्टीचं म्हणणं, तिचं युद्ध संपू देणं कोणाला परवडेना. २००९ मध्ये टोकियोत ओदाइबाला १८ मीटरचा अस्सल मापाचा गंडम उभा राहिला. डिसेंबर २०२० पासून मार्च २०२४ पर्यंत योकोहामाच्या बंदरात एक गंडम चक्क हलत होता. गुडघा वाकवत होता, बोट वर करत होता. लोक लांबून येऊन मान वर करून बघत होते. त्यांचा आनंद खोटा नव्हता. सहा मजली यंत्र हललं तर मीही बघीन, आणि मनातल्या मनात वीजबिलाचा अंदाजही बांधीन. पण गोष्टीत भंगारात काढलेलं यंत्र डोक्या-हातासकट परत उभं राहिलं, आणि सुखरूप घरी आलेल्या पोराचा त्या उंचीचा पुतळा मात्र कोणी केला नाही. करणार तरी कसा? पंधरा वर्षांचं पोरगं फार तर साडेपाच फूट असतं. आईला सॅल्यूट करताना तर त्याहून लहान दिसतं.